पूर्वीचा वापर

मोजणीवाली: टेपचं टोक तिथंच दाबून धरा, अप्पा. हलू नका... चार मीटर वीस. झालं. आता या रकान्यात 'पूर्वीचा वापर' काय लिहू?

अप्पा: गोठ्यात उभ्या आहात, नाकात वास शिरतोय, आणि वापर मला विचारता?

मोजणीवाली: वास कागदावर उतरत नाही. घरच्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असा नियम आहे.

अप्पा: मग लिहा, गुरं. आठ. त्यातली एक म्हैस मारकी होती, तिला दोनाच्या जागी धरा.

मोजणीवाली: आठ लिहिते. पुढचा रकाना, 'काम कोणाचं'.

अप्पा: भिंती पणजोबांच्या. वरच्या फळ्या आजोबांनी टाकल्या. ती मधली तुळई बघा. बॅटरी मारा तिच्यावर, साल कोरलंय.

मोजणीवाली: दिसलं. अक्षर सुरेख आहे हो.

अप्पा: आजोबांचं. फळ्या टाकून झाल्या त्या दिवशी कोरलं. म्हाताऱ्याला खांद्यावर बसवून दाखवलं होतं म्हणे.

मोजणीवाली: कोणत्या म्हाताऱ्याला?

अप्पा: आमच्या. तेव्हा सहा वर्षांचा होता तो.

मोजणीवाली: म्हणजे तुमचे वडील.

अप्पा: तेच ते. पण मला एक सांगा बाई, माझ्या लेकीला या दगडांचं राहतं घर करायचंय. गवंडी ठरला, सुतार ठरला. मग मध्येच हे चरित्र लिहिणं कशाला? गोठ्याला कोण मुलगी देणार आहे?

मोजणीवाली: उद्या इथं स्वयंपाकघर झालं की गोठा होता हे कोणाला कळणार नाही. म्हणून एकही दगड हलवण्याआधी जे आहे ते जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. मी चौदा वर्षं हेच करतेय. मी आले की घरमालकाला वाटतं पाहुणी आली, आणि गेले की वाटतं पोलीस येऊन गेले.

अप्पा: मध्येच वाटायला लागलं तर?

मोजणीवाली: तर चहा मागवायचा. बरं, बाहेरचा जिना मघाशी मोजला मी. नऊ पायऱ्या. आठ दगडी आणि सातवी सिमेंटची. ती कोणी बसवली?

अप्पा: माहीत नाही.

मोजणीवाली: मूळची पडली का?

अप्पा: पडली असेल. सगळंच पडतं कधी ना कधी.

मोजणीवाली: नवांतली एकच? बाकीच्या भिंतीत हात-हातभर रुतल्यात. आणि त्या सातवीच्या कडेला पहारीचे घाव आहेत.

अप्पा: तुम्ही मोजायला आलात की चौकशीला?

मोजणीवाली: रागावू नका. रिकामा रकाना मला खुपतो. असो, 'माहीत नाही' लिहिते. आता वरची खोली तेवढी राहिली. चावी द्या.

अप्पा: ती राहू द्या.

मोजणीवाली: म्हणजे शेवटी घेऊ?

अप्पा: घेऊच नका. गोठा आणि धान्याचं कोठार, एवढंच लिहा. वर काही नाही.

मोजणीवाली: वर काही नाही, मग नऊ पायऱ्यांचा जिना कुठं जातो? आकाशात जातो असं लिहू?

अप्पा: उद्या दोन माणसं बोलावलीत मी. ती खोली उतरवून टाकणार आहेत. मग तुमचा कागद आपोआप खरा होईल.

मोजणीवाली: अप्पा, खाली बसा बघू जरा. त्या दगडावर. ऐकून घ्या. नोंद पुरी व्हायच्या आधी एक भिंत जरी पडली, तरी तुमच्या लेकीचा अर्ज निकालात निघाला. परवानगी नाही, नाही म्हणजे नाही. दोन वर्षं ती पोरगी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतेय. नवऱ्याला तयार केलं, स्वतः बदली मागून घेतली. कशासाठी? तुम्ही इथं एकटे राहता म्हणून.

अप्पा: मला माहीत आहे.

मोजणीवाली: मग?

अप्पा: तिनं काढलेला नकाशा बघितलात ना? गोठ्यात स्वयंपाकघर. करा. कोठारात बैठक. करा. मी आडकाठी केली का? पण वर काय लिहिलंय तिनं?

मोजणीवाली: निजायची खोली. सकाळचं ऊन येतं म्हणून. मला तर तीच सगळ्यात आवडली.

अप्पा: त्या खोलीत माझी लेक झोपणार नाही. तिथं माझ्या आईला कोंडून ठेवलं होतं.

मोजणीवाली: ...कोणी?

अप्पा: म्हाताऱ्यानं. त्रेचाळीस दिवस. झालं समाधान? लिहा आता रकान्यात.

मोजणीवाली: नाही लिहीत. हे बघा, पेन ठेवलं खाली. लेकीला हे माहीत आहे?

अप्पा: कोणालाच माहीत नाही. बायको गेली, तिलाही कधी बोललो नाही. ताईला तर मुळीच नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. चहा घेऊन येईलच ती आता. ती आली की यातला एक शब्द काढायचा नाही. तिचा फार जीव होता म्हाताऱ्यावर. तुम्ही परक्या, उद्या निघून जाल, म्हणून तोंडातून गेलं.

मोजणीवाली: तुम्हाला कसं कळलं ते विचारू?

अप्पा: नऊ वर्षांचा होतो. आईच्याच तोंडून ऐकलं. आणि खोलीत खुणा आहेत. दाराची कडी बाहेरून आहे. भिंतीवर दिवस मोजलेल्या रेघा आहेत, मी मोजल्यात. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. शेवटच्या तीन सुट्या. त्रेचाळीस. आज एकाहत्तर वर्षांचा आहे मी, अजून डोळे मिटले की दिसतात.

मोजणीवाली: त्यानंतर कधी आईला विचारलं नाहीत?

अप्पा: हिंमत होईना. आणि दोन वर्षांत ती गेलीच. मग कोणाला विचारणार, त्याला?

मोजणीवाली: मला एकदा बघू द्या.

अप्पा: कशाला?

मोजणीवाली: मला दुसरं काही येत नाही हो, भिंती तेवढ्या वाचता येतात. भिंत जे सांगेल तेच मी लिहीन. कोंडलं होतं असं ती म्हणाली, तर तेही लिहीन, लपवणार नाही. मग तुमची लेक वाचेल आणि तिचं ती ठरवेल. पण न बघता पाडू नका. बासष्ट वर्षं सांभाळलंत, अजून पंधरा मिनिटं सांभाळा.

अप्पा: ...दहा.

मोजणीवाली: दहा. चला. सातवीवर जपून.

(कुलूप गंजलेलं आहे. उघडायला वेळ लागतो.)

अप्पा: थांबा, आधी खिडकी उघडतो. पंचवीस वर्षं कोणी आलेलं नाही इथं. ती बघा कडी. बाहेरच्या बाजूला. आणि हा कोयंडा. मी खोटं बोलत नाही.

मोजणीवाली: कोण म्हणालं तुम्ही खोटं बोलता? पण मला एक सांगा, कोठाराच्या दाराला कडी कुठून आहे?

अप्पा: बाहेरून.

मोजणीवाली: का?

अप्पा: का म्हणजे? आत धान्याची पोती असतात. आतून कडी कोण लावणार, पोती?

मोजणीवाली: मग हीसुद्धा आधी धान्याचीच खोली असणार. पोतं ओढून ओढून उंबरठा कसा गुळगुळीत झालाय, हात लावून बघा. म्हणजे नुसत्या कडीवरून काही ठरत नाही. रेघा कुठं आहेत?

अप्पा: त्या कोपऱ्यात. खाली. गुडघ्याच्या खाली.

मोजणीवाली: एवढ्या खाली? दिवस मोजणारं माणूस बसलं तरी रेघ छातीच्या उंचीवर मारेल. इथं मारायची तर आडवं पडायला हवं.

अप्पा: पडूनच असेल ती. काय करणार दुसरं?

मोजणीवाली: थांबा. ही शेवटची ओळ बघा. उभ्या रेघांची खालची टोकं कुठं गेली?

अप्पा: कुठं?

मोजणीवाली: फळीखाली. ही कडेची फळी सुटी आहे. उचलायला हात द्या. हं, उचला... आता बॅटरी मारा खाली. काय दिसतं?

अप्पा: रेघा.

मोजणीवाली: आणखी तीन ओळी आहेत खाली. त्रेचाळीस नव्हे, साठाच्या घरात जातात. तुम्ही दिसत होत्या तेवढ्याच मोजल्या. आणि ही बुजवलेली भोकं बघा, एका रांगेत. जुन्या तुळयांची आहेत. म्हणजे जमीन आधी हातभर खाली होती. रेघा तेव्हाच्या. मग जमीन उचलली, नव्या तुळया आल्या, नव्या फळ्या आल्या आणि खालच्या रेघा झाकल्या गेल्या. फळ्या कोणी टाकल्या, अप्पा?

अप्पा: आजोबांनी.

मोजणीवाली: कधी?

अप्पा: मघाशी सांगितलं की. तुळईवर साल आहे. म्हातारा तेव्हा सहा...

मोजणीवाली: हं. बोला.

अप्पा: सहा वर्षांचा होता.

मोजणीवाली: आणि तुमची आई?

अप्पा: आई त्याच्याहून सात वर्षांनी लहान. तेव्हा तिचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

मोजणीवाली: तेव्हा या रेघा तुमच्या आईच्या नाहीत. पोती मोजली असतील कोणीतरी. तुमच्या पणजोबांनी म्हणा.

अप्पा: पोती.

मोजणीवाली: पोती. बसताय का? बसा. माझं अजून संपलं नाही. दाराच्या चौकटीला आतून हे काय आहे? दोन्ही बाजूंना, समोरासमोर. कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय यात. थांबा, पेन्सिलीनं काढते... चांगलं मनगट जाईल एवढं भोक आहे. दुसरीकडेही तसंच.

अप्पा: कशाचं?

मोजणीवाली: अडसराचं. आडवं लाकूड या भोकातून त्या भोकात सरकवायचं, म्हणजे दार बंद. आतून बंद, अप्पा. बाहेरच्यानं कितीही ढकललं तरी उघडणार नाही. आणि हे पणजोबांच्या वेळचं नाही. नंतर पाडलेलं आहे. गवंड्याचंही काम नाही हे. गवंडी छिन्नी अशी वेडीवाकडी चालवत नाही. एक भोक दुसऱ्यापेक्षा चार बोटं वर गेलंय. ज्याला दगडातलं काही कळत नाही अशा माणसानं घाईघाईनं पाडलंय. कोंडणारा माणूस, जिला कोंडलंय तिच्या हाताशी अडसर करून देईल का?

अप्पा: पण आईनं स्वतः सांगितलं होतं!

ताई: काय सांगितलं होतं आईनं?

अप्पा: ताई! तू कधी आलीस?

ताई: सातव्या पायरीवर दम खायला थांबले होते. हा थर्मास धरा कोणीतरी, नाहीतर चहा तुळईला पाजावा लागेल. बाई, तुम्हीच का त्या मोजणीवाल्या? बसा हो, बसा. माझ्यासाठी कशाला उठता? अगंबाई, किती वर्षांनी उघडलीस रे ही खोली! हं, काय सांगितलं आईनं?

अप्पा: काही नाही.

ताई: तुझं 'काही नाही' मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. खडा गिळून तोंड मिटून बसायचास, आणि विचारलं की 'काही नाही'. तोंड उघड.

अप्पा: तुला त्रास होईल.

ताई: सत्त्याहत्तराव्या वर्षी नऊ पायऱ्या चढून आले, आता आणखी काय त्रास व्हायचा राहिलाय?

मोजणीवाली: सांगा, अप्पा. रेघा गेल्या, कडी गेली. आता हे एकच उरलंय.

अप्पा: ...मावशी आली होती. मी नऊ वर्षांचा. इथं कोपऱ्यात रिकामी पोती होती, त्यांच्यामागं लपलो होतो. आई मावशीला घेऊन वर आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "हीच ती खोली. इथंच दिवस गेले."

ताई: काय म्हणाली?

अप्पा: ऐक तरी पुढं. मावशी म्हणाली, "अगंबाई, आणि घरात कोणाला पत्ता नाही?" आई म्हणाली, "कसा लागणार? दार बंद." मग मावशी म्हणाली, "एवढ्याशा खोलीत, या पोत्यांवर?" मग आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे नुसते गदागदा हलत होते तिचे. डोळे पुसत होती. मावशीसुद्धा.

ताई: परत सांग. आईचे शब्द. जसेच्या तसे.

अप्पा: "इथंच दिवस गेले."

ताई: अरे देवा! अरे देवा, देवा, देवा! बाई, मला धरा हो. पडेन मी.

अप्पा: म्हणूनच सांगत नव्हतो. ताई, रडू नकोस.

ताई: रडतंय कोण? अरे गाढवा! "दिवस गेले"! कोणाचे गेले? का कोणाला गेले?

अप्पा: आईचे. बाई, तुम्ही का तोंड फिरवता? हसता कसल्या? दोघीही हसताय!

मोजणीवाली: माफ करा, अप्पा. चौदा वर्षांत कामावर कधी... माफ करा.

ताई: तुझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा तू काय विचारलंस रे? कोणी कोंडलं म्हणून?

अप्पा: माझ्या बायकोला... थांब. दिवस गेले. तसे दिवस?

ताई: तसेच! दुसरे कसले?

अप्पा: पण ती म्हणाली, दार बंद.

ताई: मग काय दार उघडं टाकून?

अप्पा: आणि खांदे?

ताई: हसत होती ती! तुला आठवत नाही? आई मोठ्यानं कधी हसलीच नाही. आजीचा धाक. भिंतीकडं तोंड करायची आणि नुसती हलायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळं घर तिला त्यावरून चिडवायचं.

अप्पा: मला वाटलं...

ताई: तुला काय वाटलं ते कळलं आता. अरे, आपल्या राहत्या घरात तेव्हा दोन खोल्या आणि माणसं अकरा. आजी, आजोबा, दोन्ही काका, काकू, त्यांची पोरं, मी. बोलायला जागा नाही, भांडायला जागा नाही. नवं कोठार बांधलं, ही खोली रिकामी झाली. मग दुपारी सगळे आडवे झाले की बाबा उठायचे. "जरा गुरं बघून येतो." थोड्या वेळानं आई उठायची. "वासराला पाणी ठेवून येते." मी पाच वर्षांची, मला आजीजवळ झोपवायची. आणि आजी डोळे मिटल्या मिटल्या म्हणायची, "फार आजारी पडतात हो आपली गुरं."

मोजणीवाली: मग हा अडसर?

ताई: बाबांनी पाडली ती भोकं. एकदा धाकट्या काकानं गवत काढायला म्हणून दार लोटलं म्हणे. दुसऱ्याच दिवशी बाबा छिन्नी घेऊन बसले. आजोबांनी विचारलं, काय ठोकतोस? तर म्हणाले, उंदरांचा बंदोबस्त करतोय.

अप्पा: ताई. इथं दिवस गेले ते... तुझ्या वेळी?

ताई: माझ्या वेळी कसे? मी आजीजवळ झोपले होते, आता सांगितलं ना. आम्ही भावंडं किती?

अप्पा: दोन.

ताई: मग उरलं कोण?

अप्पा: मी.

ताई: तूच. बासष्ट वर्षं जिला तुरुंग समजलास, ती तुझी...

अप्पा: पुरे. पुरे कर, ताई.

मोजणीवाली: अप्पा, चहा घ्या. गोड आहे, बरं वाटेल. मी बाहेर थांबू का?

अप्पा: नाही. थांबा. छातीवर मारकी म्हैस बसली होती, ती उठली. हलकं वाटतंय. पण आता त्या सातव्या पायरीचं काय करू?

ताई: त्या पायरीचं काय?

अप्पा: आई गेल्यावर म्हातारा इथं येऊन एकटाच बसायचा, आठवतं? तासन् तास. मला वाटायचं, केलेलं खातंय त्याला. खाऊ दे. मी कधी हाक मारायला आलो नाही. मग शेवटी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, गुडघे गेले, तर एक दिवस म्हणाला, "मला एकदा वर ने." मी म्हटलं, जिना पडलाय. जिना धड होता, ताई. मी पहार घेतली आणि सातवी पायरी उपटून काढली. सहावीवरून आठवीवर त्याचा पाय जाणार नाही, एवढं मोजून. बाई, तुमच्या रकान्यात लिहा. पायरी मी पाडली.

मोजणीवाली: लिहीन. आणि बसवली कोणी?

अप्पा: बैल घ्यायला दोन दिवस बाजाराला गेलो होतो. आलो तर पायरी बसवलेली. मला वाटलं, म्हाताऱ्यानंच गवंडी बोलावला. संतापलो. कुलूप आणलं, वर ठोकलं. त्यानंतर त्यानं एकदाही मागितलं नाही. दोन वर्षांनी गेला. एकदाच मागितलं होतं त्यानं, आणि मी...

ताई: मागितलं नाही, कारण त्यांचं झालं होतं.

अप्पा: काय झालं होतं?

ताई: गवंडी मी बोलावला. तू बाजाराला गेलास म्हणून मी राहायला आले होते ना? बाबांनी सांगितलं, पायरी पडलीय. अर्ध्या दिवसात बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुढं, मी मागून रेटतेय, असे चढलो. एकेका पायरीवर पाच मिनिटं. सातवीवर म्हणाले, ही नवी दगडांपेक्षा बरी आहे, घसरत नाही.

अप्पा: वर आले होते?

ताई: आले होते म्हणजे? दुपारपर्यंत इथं बसले होते. तिथं, दाराच्या चौकटीशी. त्या भोकावरून हात फिरवत बसले. म्हणाले, "वाकडी झाली होती. तुझी आई जन्मभर हसली मला यावरून." आणि इतके हसले म्हणून सांगू! बाबांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

अप्पा: माझ्याबद्दल काही...

ताई: म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस मी वर आलो होतो. त्याला ही खोली बघवत नाही. आईवर फार जीव होता पोराचा, अजून सावरला नाही तो." म्हणून मी आजवर बोलले नाही. तू कुलूप लावलंस तेव्हाही मला तेच वाटलं. आईची आठवण सोसत नाही याला, म्हणून गप्प बसले.

अप्पा: म्हणजे त्यांना कळलंच नाही? मी त्यांच्यावर... इतकी वर्षं...

ताई: तू अबोल आहेस एवढंच कळलं. आजोबाही अबोल होते, तू त्यांच्यावर गेलास असं म्हणायचे. उलट कौतुकच. "तोंड उघडत नाही, पण माझं पाणी तापवायला एक दिवस चुकला नाही." मला सांग, चुकलास का कधी?

अप्पा: नाही. ते माझं कामच होतं.

ताई: त्यांना ते पुरलं. तू त्यांना म्हातारा म्हण नाहीतर काही म्हण.

अप्पा: ताई, तुला आधीच विचारायला हवं होतं गं.

ताई: हवं होतं. मीही तुला विचारायला हवं होतं. आपण दोघंही एकमेकांना जपत बसलो. आता पूस डोळे. बाईंचा चहा निवला.

मोजणीवाली: निवलेला चालतो मला. अप्पा, उद्या ती दोन माणसं येणार आहेत ना?

अप्पा: अरे हो! फोन लाव, ताई. येऊ नका म्हणावं.

ताई: येऊ देत की. एवढी धूळ काय तू झाडणार आहेस? लेक आली की तिला मी सांगते ही सगळी गंमत.

अप्पा: तू नको. तू मीठमसाला लावशील. मी सांगेन.

मोजणीवाली: मग आता एवढा कागद पुरा करू. पायरी सातवी, काम ताईंचं. झालं. वरची खोली, लांबी साडेतीन मीटर. 'पूर्वीचा वापर' काय लिहू? धान्य?

ताई: लिहा की, गुरांचा दवाखाना.

अप्पा: ताई, गप्प बस जरा. बाई, आधी धान्य लिहा. तेही खरंच आहे. आणि मग पुढं लिहा, आई-बाबांची खोली.

ताई: काय म्हणालास?

अप्पा: ऐकू आलं तुला.

मोजणीवाली: आई-बाबांची खोली. लिहिलं. संपलं की माझं.

अप्पा: संपलं कसं? भोकांचं राहिलं. 'काम कोणाचं' तिथं लिहा, बाबांचं. वाकडी आहेत, पण लिहा.